कपाटातला रविवार

"मानवजातीची आजवरची सगळी प्रगती कंटाळ्यातून झालेली आहे!" साहेब म्हणाला. "माणसाला गुहेत बसून बसून कंटाळा आला नसता, तर चाकाचा शोध लागला नसता. कंटाळा ही संस्कृतीची जननी आहे!"

हे उद्गार त्याने फर्निचरच्या दुकानात एका उंच स्टुलावर उभं राहून, उजवा हात छताकडे करून काढले. 'जननी' हा शब्द तोंडातून बाहेर पडायला आणि स्टुलाचा एक पाय निखळायला एकच गाठ पडली. संस्कृतीचा प्रवक्ता शेजारच्या सोफ्यावर आडवा झाला.

"तो पाय नुसता चिकटवलेला आहे," भाचा शांतपणे म्हणाला. "मामा म्हणालेत, हे स्टूल दाखवायचं, वापरायचं नाही."

साहेब हा कुणाचाही साहेब नव्हता. तो अजून कुणाचा कारकूनही नव्हता. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता आणि पास झाला की साहेब होणार होता, म्हणून मित्रांनी पदवी आगाऊ देऊन टाकली होती. भाचा मात्र खरोखरच भाचा होता. दुकान त्याच्या मामांचं. मामा रविवारी दुपारी जेवून घरी झोपत आणि तेवढा वेळ दुकान भाच्याच्या ताब्यात असे. तिसरी वकीलबाई. वरिष्ठांच्या मागून फायली वाहून नेणं एवढीच तिची आजवरची वकिली. त्यामुळे वाद घालण्याची सगळी हौस ती या दोघांवर भागवून घ्यायची.

या तिघांचं मिळून एक कंटाळा निर्मूलन मंडळ होतं. दर रविवारी एक नवा उपक्रम, असा मंडळाचा शिरस्ता. मागे एकदा तिघांनी तोंड न उघडता बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं ठरवलं. जो बोलेल त्याने चहा पाजायचा. कंडक्टरने "कुठे जायचं?" म्हणून विचारलं तेव्हा तिघांनीही नुसती बोटं पुढे केली. ते पाहून एका आजोबांना इतकं भरून आलं की त्यांनी उठून साहेबाला आपली जागा दिली आणि सबंध प्रवासभर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतरच्या रविवारी मंडळ एका नव्या इमारतीतला नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलं. भाचा आणि वकीलबाई नवविवाहित जोडपं, आणि साहेब केसांना पावडर लावून नवऱ्या मुलाचा बाप. त्याने कंबर धरून, खोकत खोकत, "माझी आरामखुर्ची कुठे बसेल?" असं प्रत्येक खोलीत विचारलं. तिथल्या गरीब विक्रेत्याने खाली उतरताना त्याला हाताला धरून लिफ्टपर्यंत पोचवलं. घरी आल्यावर साहेबाला त्या हाताची जरा लाज वाटली होती. पण लाज ही गोष्ट साहेबाच्या ठायी सोमवारी दुपारपर्यंतच टिकत असे.

खरी लाजेची गोष्ट वेगळीच होती. साहेबाच्या आईची अशी समजूत होती की तो रविवारभर वाचनालयात बसून अभ्यास करतो. ही समजूत अर्थातच साहेबाने करून दिली होती. वाचनालय रविवारी बंद असतं, हे आईला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. समोरच्या माणसाला खरोखर दुखतंय की नुसतं रजेसाठी सर्टिफिकेट हवंय, हे म्हणे तिला त्याच्या नुसत्या चालण्यावरून कळायचं. वडील बदलीच्या गावी. घरात दोघंच. आजच सकाळी साहेबाच्या चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा आईनेच तो जाड लाल दोऱ्याने शिवून दिला होता. "वाचनालयात फटफट वाजायला नको रे," ती म्हणाली होती. "लोक अभ्यास करत असतात." ते ऐकून खरं काय ते साहेबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते पोह्यांबरोबर खाली गेलं.

"तर मंडळी, आजचा उपक्रम," सोफ्यावरून उठत साहेब म्हणाला. "लपाछपी."

"वय काय आपलं?" वकीलबाई म्हणाली.

"लपायला वय लागत नाही. जागा लागते. आणि एवढी जागा जगात कुठे आहे? पलंग, सोफे, कपाटं, गाद्या..."

"मामांना कळलं तर?" भाचा म्हणाला. "मागच्या महिन्यात झुलत्या खुर्चीत झोपलो होतो तर म्हणाले, आणखी एक चूक आणि तू तुझ्या आईकडे."

"मामा झोपलेत," साहेब म्हणाला. "आणि गिऱ्हाईक रविवारी दुपारी येतं कुठे?"

मामांच्या दुकानाचे दोन नियम होते. पहिला, चपला बाहेर. आतल्या गालिच्यावर मामांचा फार जीव. दुसरा म्हणजे मामांचा लाडका सिद्धान्त. वस्तू दुकानात बघून घ्यायची नसते, घरात बघून घ्यायची असते. म्हणून गिऱ्हाइकाच्या मनात भरेल ती वस्तू ते एक दिवस घरी पाठवून देत. ठेवा, बघा, नाही शोभली तर उद्या परत. त्यासाठी दुकानाच्या बाजूला एक हातगाडी आणि दोन हमाल कायम तयार असत. दोघे सख्खे भाऊ होते आणि दिवसभर एकमेकांशी भांडायचे.

भाच्यावर राज्य आलं. तो ड्रेसिंग टेबलाकडे तोंड करून आकडे म्हणू लागला.

"आरशाकडे तोंड करून आकडे मोजणं कोणत्या कायद्यात बसतं?" वकीलबाईने हरकत घेतली. ती मंजूर होऊन भाच्याने तोंड भिंतीकडे केलं. वकीलबाई गुंडाळून उभ्या केलेल्या गाद्यांच्या मागे शिरली. साहेबाने कोपऱ्यातलं दोन दारांचं, काळपट लाकडाचं कपाट हेरलं. एका बाजूला कप्पे, दुसऱ्या बाजूला कोट टांगायला उभी जागा, आणि दाराच्या वरच्या भागात हवेसाठी नक्षीची जाळी. साहेब मुळात अंगाने कोटाइतकाच होता. तो आत शिरला, दार ओढून घेतलं आणि गुडघे हनुवटीला लावून बसला.

भाच्याचं मोजून व्हायच्या आत दाराशी आवाज आला, "आहे का रे कुणी?"

साहेबाने दार आतून आणखी घट्ट ओढून धरलं. हा आवाज त्याने आयुष्यभर, बहुतेक वेळा उठायची वेळ झाल्यावर, ऐकला होता.

"का... काकू! तुम्ही?" भाचा म्हणाला. "म्हणजे, या ना. म्हणजे, आज?"

"का? रविवारी कपाट बघायला मनाई आहे का?"

आईबरोबर शेजारच्या मावशीही होत्या. या मावशी नात्याने कुणाच्याच मावशी नव्हत्या; पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्या सगळ्या जगाच्या मावशी झाल्या होत्या.

"दारात चपला बऱ्याच दिसतात," मावशी म्हणाल्या. "गर्दी आहे वाटतं?"

"नाही नाही. त्या माझ्याच."

"सगळ्या?"

"दुकानात लागतात," भाचा म्हणाला.

तेवढ्यात गाद्यांच्या मागून वकीलबाईला बाहेर पडावं लागलं, कारण मावशींनी गादी चाचपायला तिथेच हात घातला होता. "मी गादी बघत होते," केसांतला कापूस काढत ती म्हणाली.

"मागून?"

"शिवण मागूनच बघायची असते."

कपाटात साहेबाने परिस्थितीचा विचार केला. आत्ता बाहेर पडलो तर गुन्हा एकच, वाचनालयाऐवजी दुकानात सापडलो. दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, एवढंच. त्याने दाराला हात लावला. आणि त्याच वेळी आई बोलू लागली.

"मुलासाठी हवंय रे कपाट. बिचाऱ्याची पुस्तकं पलंगाखाली असतात. आजही बघ, अख्खं जग झोपलंय आणि हा वाचनालयात."

साहेबाचा हात दारावरून खाली आला.

"मला तर भीतीच वाटते," आई पुढे म्हणाली. "इतका अभ्यास बरा नव्हे. त्याला ना मित्र, ना मजा. तूच सांग, तू मित्र ना त्याचा? कधी येतो का तुझ्याकडे?"

"क्वचित," भाचा म्हणाला. त्याचा आवाज इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला होता.

"आम्ही तर आमच्या नातवंडांना त्याचंच उदाहरण देतो," मावशी म्हणाल्या.

"आणि एक गुण सांगू?" आई म्हणाली. "खोटं बोलत नाही. येतच नाही त्याला खोटं बोलायला. लहानपणापासून."

कपाटात एकाएकी उकडायला लागलं. आता बाहेर पडलो तर गुन्हे दोन, खोटं बोलल्याचा एक आणि हे सगळं चोरून ऐकल्याचा दुसरा. साहेबाने ठरवलं, आई जाईपर्यंत गप्प बसायचं. ती बघेल, नाकं मुरडेल, जाईल. त्याच्या माहितीप्रमाणे आईने आजवर पहिल्या दुकानात काहीही घेतलं नव्हतं.

"हे कसं आहे?" आईचा आवाज अगदी जवळून आला. कपाटाच्या अंगावर टकटक झाली.

"ते नको काकू!" भाचा आणि वकीलबाई एकदम म्हणाले.

"का?"

"विकलं गेलंय," भाचा म्हणाला.

"मग त्यावर पाटी का नाही?"

"म्हणजे विकलं जाईल. शिवाय त्याला... वाळवी आहे."

"वाळवी?" मावशी कडाडल्या. "वाळवी लागलेलं कपाट गिऱ्हाइकासमोर ठेवलंय? मामांचा नंबर आहे माझ्याकडे. विचारतेच."

"नाही! मामा झोपलेत! वाळवी होती, ती गेली," भाचा म्हणाला. "दुसऱ्या कपाटात गेली. हे अगदी ठणठणीत आहे."

आईने कपाट एका बाजूने हलवून बघितलं. ते हललं नाही. साहेबाने आतून सगळा भार त्याच बाजूला टाकला होता.

"बघा मावशी, काय वजन आहे! हल्ली असं लाकूड मिळतं का? आत काहीतरी भरीव असल्यासारखं वाटतं."

"भरीव कसलं, नुसतं ठोंब लाकूड दिसतंय," मावशी म्हणाल्या.

"दार नीट लागतं का बघू." खट् असा आवाज झाला. "लागतं. किल्ली मी माझ्याकडेच ठेवते, वाटेत हरवायला नको. चला, पाठवा घरी. घरातच कळेल काय ते."

साहेबाच्या डोळ्यांसमोर अंधार आला. तो आधीपासूनच होता, पण आता त्याला अर्थ आला.

हमाल बंधू आले. थोरल्याने खालून धरलं, धाकट्याने वरून, आणि दोघांनी एकाच वेळी जगाच्या कर्त्याला हाक मारली.

"काय रे हे? सकाळी आणून ठेवलं तेव्हा तर हलकं होतं," धाकटा म्हणाला.

"सकाळी तू जेवला होतास," थोरला म्हणाला.

कपाट हातगाडीवर आडवं घालण्यात आलं. साहेबही आडवा झाला. जाळीतून त्याला आकाशाचा चौकोनी तुकडा, विजेची तार आणि तारेवरचा एक कावळा दिसत होता. कावळ्याने मान वाकडी करून आत बघितलं आणि साहेबाने मान फिरवली. कावळ्यापुढेही लाज वाटावी अशी वेळ त्याच्यावर याआधी आली नव्हती.

मागे भाचा गाडीबरोबर निघाला होता. आईने त्याला हटकलं, "अरे, दुकान उघडं टाकून कुठे चाललास? मामांनी विश्वासाने सोपवलंय ना?" भाचा जागच्या जागी फिरला. विश्वास हा शब्द आज आईच्या तोंडी फारच येत होता. वकीलबाईला मात्र तिने, "तू चल गं, शिवण मागून बघणारं कुणीतरी हवंच," म्हणून बरोबर घेतलं.

रस्त्यात धूळ होती. साहेबाला शिंक आली. त्याने नाक दाबलं, ओठ चावले, आणि शेवटी ती शिंक कपाटाच्या सर्व फटींतून एकदम बाहेर पडली.

हातगाडी थांबली. "दादा, कपाट शिंकलं," धाकटा म्हणाला.

"उन्हात लाकूड बोलतं," थोरला म्हणाला. "तू पण उन्हातच बोलतोस."

पुढे एक वळण आलं. या वळणावर वाचनालय होतं. साहेबाने डोळे मिटून घेतले, आणि नेमकी आई म्हणाली, "थांबा हो दादा, दोन मिनिटं. पोरगा आत बसलाय. बाहेर बोलावते त्याला. नुसतं कपाट दाखवते, खूश होईल. माझी पर्स धर गं जरा."

हमालांनी गाडी लावली. आईच्या चपलांचा आवाज वाचनालयाच्या दिशेने गेला. साहेबाला त्या दाराचं कुलूप डोळ्यांसमोर दिसत होतं, नारळाएवढं, पितळी, आंधळ्यालाही दिसेल असं. संपलं. आता ती परत येईल, एक अक्षर बोलणार नाही आणि रात्री ताटात वाढताना नुसती बघेल. ते नुसतं बघणं त्याच्या फार परिचयाचं होतं.

"ए," जाळीपाशी वकीलबाई कुजबुजली. "जिवंत आहेस?"

"किल्ली कुठाय?"

"काकूंच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात."

"मग काढ ना! पर्स तुझ्याकडेच दिलीय तिने."

"ती चोरी होईल. मी वकील आहे."

"तू माझी वकील आहेस ना?"

"तुझा खटला मी घेत नाही. पुरावा फार जड आहे, आत्ताच दोन माणसांनी उचलला."

चपलांचा आवाज परत आला. साहेब ताठ झाला.

"नको बाई," आई म्हणाली. "इतकी शांतता आहे आत! काय मन लावून वाचत असतील पोरं. उगाच कशाला व्यत्यय. चला दादा."

साहेब चक्रावला. कुलूप दिसलं नाही? ऊन डोळ्यांवर आलं असेल. की दाराशी न जाताच परत फिरली? काहीही असो, तो वाचला होता. पण वाचल्याचा आनंद व्हायला हवा तसा झाला नाही. व्यत्यय नको म्हणून उन्हातून तशीच परत आलेली आई त्याला कपाटाच्या फळीतूनही दिसत होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

जिन्यावर हमालांनी कपाट खालची बाजू वर करून चढवलं. साहेब डोक्यावर उभा राहिला. दोन जिन्यांच्या मधल्या जागेत दोघा भावांचं, आधी कुणी वळायचं यावरून भांडण झालं, आणि भांडण रंगावं म्हणून त्यांनी कपाट तसंच उलटं टेकवून ठेवलं. त्या अवस्थेत साहेबाच्या डोक्यात रक्ताबरोबर विचारही उतरले. आईने स्वतःसाठी म्हणून काही घेतलेलं त्याला आठवेना. तिच्या साड्या अजून एका पत्र्याच्या पेटीत असतात. आणि कपाट घेतलं ते कुणासाठी? पलंगाखालच्या पुस्तकांसाठी. त्या पुस्तकांवर बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली असती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. उलटा असल्यामुळे ते गालावरून न जाता कपाळावरून केसांत गेलं.

कपाट शेवटी साहेबाच्याच खोलीत, त्याच्याच पलंगाशेजारी, सुलटं उभं राहिलं. हमाल गेले. "मावशी, तुम्ही आणि ही पोरगी चहा टाकता का?" आई म्हणाली. पावलं स्वयंपाकघराकडे गेली. खोलीत आई एकटी राहिली. पलंगाची करकर झाली. ती बसली असावी.

साहेबाने विचार केला. गप्प बसलो तर ती केव्हा ना केव्हा आत कपडे ठेवायला दार उघडेल, आणि आतून मुलगा बाहेर पडेल. त्याचं असं बाहेर पडणं तिच्या हृदयाला झेपणार नाही. त्यापेक्षा आवाजाने सुरुवात केलेली बरी.

त्याने आतून हलकेच टकटक केली. "आई."

"कोण रे?"

"मी."

"वाचनालयातून लवकर सुटलास?"

हे बोलणं जरा विचित्र होतं, पण कबुली द्यायला निघालेल्या माणसाचं अशा बारकाव्यांकडे लक्ष नसतं. "आई, मी कपाटात आहे," साहेब म्हणाला, आणि बूच उडाल्यासारखं सगळं बाहेर आलं. "मी वाचनालयात गेलोच नव्हतो. रविवारी वाचनालय बंद असतं. मी तुला इतके महिने खोटं सांगितलं. आम्ही तिघं भटकतो. बसमधून हिंडतो, नाटकं करतो, लोकांना बनवतो. मला लाज वाटतेय, आई. तू माझं एवढं कौतुक केलंस, मी सगळं ऐकलं. मी त्याच्या लायकीचा नाही. आणि नुसता रविवारच नाही. शनिवारी वाचनालय उघडं असतं, पण मी तेव्हाही जात नाही. शनिवारी आम्ही भाच्याच्या गच्चीवर पत्ते खेळतो."

पलंग पुन्हा करकरला.

"शनिवारी?" आई म्हणाली.

"हो."

"रविवारचं माहीत होतं," आई म्हणाली. "शनिवारचं आत्ता कळलं."

"माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी तू डबा विसरून गेलास. मी वाचनालयात घेऊन गेले. एवढं मोठं कुलूप. डबा परत आणला आणि मावशींनी खाल्ला. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघी तुझ्या मागोमाग निघालो. तुला वाटतं, कंटाळा काय तुम्हालाच येतो? आठवडाभर त्या खिडकीत बसून माझं काय होतं, ते मला माहीत. मावशींना तर निवृत्तीनंतर घर खायला उठतं. तुमचा पाठलाग सुरू केल्यापासून इतका छान वेळ जातो म्हणून सांगू!"

दारात खुसखुस झाली. चहाचे कप घेऊन मावशी आणि वकीलबाई आल्या होत्या.

"बसमध्ये पुढच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन आम्हीच होतो," मावशी म्हणाल्या. "आणि त्या फ्लॅटवर वरचा मजला बघत होतो. एक सांगू का बाळा? तो म्हातारा जरा सुधार. कंबर डावी धरायची की उजवी, एकदा ठरव. आणि खोकला फारच कोवळा."

साहेबाने कपाटातल्या कपाटात आणखी आत जाण्याचा प्रयत्न केला, पण मागे फळी होती. "आज मी आत आहे, हे...?"

"माझ्या हाताचा लाल दोरा मी ओळखणार नाही?" आई म्हणाली. "दाराशीच होती चप्पल. पिशवीतून आणलीय घरी. तिथे कशाला ठेवायची, दुकानात लागते म्हणे."

"मग ते सगळं कौतुक?"

"ते? तू ऐकत होतास म्हणून केलं. एरवी कोण करतंय?"

वकीलबाई मोठ्याने हसली. मग कपाटाकडे बघून गप्प झाली. आपणही गाद्यांच्या मागून निघालो होतो, हे तिला आठवलं असावं.

"आई," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आईने चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "खिडकीशी माणूस येतो, पोट धरून. खोटं दुखत असलं तरी मी तोंडावर कधी म्हणत नाही. रांगेत उभा करते. रांगेत उभा राहून राहून शेवटी त्याचा तोच येतो आणि सांगतो, बाई, दुखत काही नाही, नुसती सुट्टी हवी होती. तुझी रांग जरा लांबली." कप बशीत टेकला. "पण सांगितलंस. कपाटातून का होईना, आपण होऊन सांगितलंस."

कपाटात ज्या अंधाराची इतका वेळ भीती वाटत होती, त्याच अंधाराचे साहेब आता आभार मानत होता, कारण त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. "मी उद्यापासून खरंच बसतो, आई," तो म्हणाला. "रोज. शनिवारीसुद्धा. तू माझ्यासाठी एवढं कपाट घेतलंस, त्याची शपथ. यात पहिलं पुस्तक ठेवीन ते..."

"घेतलं कुठे?" आई म्हणाली. "बघायला आणलंय. मामांची पद्धतच आहे तशी. उद्या सकाळी परत."

"परत?"

"अरे, आम्ही कधी काही घेतो का? आणि आता तर मुळीच नको. तू बाहेर आलास की याचं वजन राहतंय कुठे?"

किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार जेमतेम हातभर उघडलं. साहेब त्या उजेडाकडे डोळे मिचकावत बघत राहिला. फटीतून एक हात आत आला. तो आपल्याला धरून बाहेर काढणार असं वाटून साहेबाने आपला हात पुढे केला, तर त्याच्या हातात एक पिवळं फडकं पडलं.

"आतून सगळीकडे बोटं उमटवली असशील," आई म्हणाली. "आत आहेसच, तर तेवढं पुसून घे. कोपरेसुद्धा."